घटाचं पिवळं, संत्र्याचं पिवळं

अमरावतीच्या आमच्या जुन्या घरात देवघराला एकच खिडकी आहे. वर्षभर ती उघडी असते, नवरात्रात मात्र नऊ दिवस बंद. कारण विचारायची सोय नव्हती. अंबादेवीच्या देवळाला आमच्या घरून चालत दहा मिनिटं लागतात, त्यामुळे नवरात्र म्हणजे घरात पाहुणे आणि रस्त्यावर ही गर्दी. त्या गडबडीत पोरांपैकी कोणी खिडकीला हात लावला की आजीचा आवाज यायचा, "काऊन रे पोट्टेहो, घट हिरवा करता का माहा?"

ज्यांच्याकडे घट बसत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अश्विन शुद्ध प्रतिपदेला वावरातली काळी माती आणायची, पत्रावळीवर नाहीतर टोपलीत पसरायची, तिच्यात गहू नाहीतर ज्वारी दाट पेरायची आणि मधोमध पाण्यानं भरलेला मातीचा घट ठेवायचा. कच्च्या भाजणीच्या घटातून पाणी हळूहळू झिरपत राहतं, म्हणजे ठिबक सिंचनच. वर रोज एक फुलांची माळ, बाजूला अखंड दिवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब वर येतात आणि दसऱ्यापर्यंत वीतभर उंच, नाजूक, पिवळेधमक तुरे तयार. दसऱ्याला ते देवीला वाहायचे, पुरुषांनी टोपीत खोवायचे, बायकांनी केसांत माळायचे. आपट्याचं पान हे लुटायचं सोनं, आणि हे घरात पिकलेलं सोनं. पिवळं जितकं चोख, तितकं वर्ष चांगलं, असा आजीचा हिशोब.

(हा घट आणि बुलडाणा जिल्ह्यातल्या भेंडवळची अक्षय्य तृतीयेची घटमांडणी यांची गल्लत करू नका. तिथे उगवण बघत नाहीत, धान्याच्या मांडणीवरून भाकीत करतात. तो वेगळा विषय आहे आणि माझं त्यावरचं मत ऐकून गावाकडचे दोन-तीन मित्र नक्की तुटतील.)

आता मूळ गोष्ट. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो, म्हणजे जगातलं सगळं आपल्याला कळतं असं वाटण्याचं वय. मोर्शीकडे आमची संत्र्याची बाग होती, दीडशे झाडं. त्या वर्षी बाग पिवळी पडली होती. नवी पानं फिकट पिवळी आणि त्यांच्यावर हिरव्या शिरांचं जाळं. ज्यांनी संत्रा केला आहे त्यांना हे चित्र बघितल्यावर पोटात काय होतं ते सांगायला नको. बाबा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या शिवारफेरीला जाऊन आले होते, चार जणांना विचारून आले होते, आणि महिनाभर हिराकस फवारत होते. फरक पडत होता, पण इतका हळू की रोज बघणाऱ्याला दिसू नये. घरात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

अशात दसऱ्याच्या सकाळी आजी घटाचे तुरे बघून खूश झाली आणि मी तोंड उघडलं. म्हटलं, आजी, बागेत पिवळं झालं की सगळे रडतात आणि देवघरात पिवळं झालं की तू नाचतेस. हे काही सोनं-बिनं नाही, उजेड न मिळाल्यानं आजारी पडलेलं रोप आहे. उपाशी आहे ते.

आजी काही बोलली नाही. देवीला तुरे वाहून झाले, टोप्यांत खोवून झाले आणि उरलेली पत्रावळ तिनं घटासकट ओट्यावर आणून ठेवली. संध्याकाळी सोनं वाटून आम्ही परत आलो तेव्हा ती पोपटी झाली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी विसर्जनाला नेताना चांगली हिरवी. तेव्हा आजीनं मला ओट्यावर बोलावलं.

"संत्र्याची झाडं महिना झाला पिवळी हायेत. तुहा बाप औषध मारून रायला, तरी हिरवी होऊन नाही रायली. अन् हे एका दिसात हिरवं झालं. आजारी होतं म्हनत होता ना तू? मंग असं कोनतं आजारी मानूस एका दिसात उठून बसते, सांग बरं मले."

मला उत्तर आलं नाही. सूर्यप्रकाश, क्लोरोफिल, फोटोसिंथेसिस असं काहीतरी पुटपुटलो. तिनं मान हलवली आणि पत्रावळ उचलली.

आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण या प्रश्नाचा मागोवा मी गेले काही शनिवार-रविवार घेत होतो आणि एक गोष्ट लक्षात आली. तिचा प्रश्न बरोबर होता, माझं उत्तर चुकलं होतं, आणि ज्या चुकीत मी होतो त्याच चुकीत युरोपातले विद्वानही बराच काळ होते.

सुरुवात इंग्लंडच्या जॉन रे यांच्यापासून करू. वनस्पतींवरच्या त्यांच्या प्रचंड ग्रंथाचा पहिला भाग १६८६ साली आला. झाडाला हिरवा रंग येतो तो हवेमुळे नव्हे तर उजेडामुळे, हे त्यांनी ओळखलं होतं. पुढे १७५४ मध्ये जिनिव्हाच्या शार्ल बोने यांनी पानांवर पुस्तक लिहिलं आणि त्यात अंधारात वाढवलेल्या रोपांचे पद्धतशीर प्रयोग दिले. बोने मोठा चौकस माणूस. पाण्यात बुडवलेल्या पानावर उन्हात बुडबुडे येतात हेही त्यांनीच नोंदवलं, फक्त ते बुडबुडे म्हणजे काय ते त्यांना कळलं नाही. अंधारातल्या फिकट, लांबुळक्या रोपाच्या अवस्थेला फ्रेंचमध्ये जो शब्द वापरात आला त्याचंच इंग्रजीत एटिओलेशन झालं. त्या शब्दाला किरकिऱ्या, फिकुटलेल्या माणसाचा वास आहे. एकदा नाव असं पडलं की पुढचे सगळे त्या रोपाकडे रुग्ण म्हणूनच बघणार. मीही तेच केलं.

हिरव्या रंगाला स्वतःचं नाव मिळालं १८१७-१८ च्या सुमारास पॅरिसमध्ये. पेल्तिए आणि कावँतू या दोन औषधशास्त्रज्ञांनी पानातलं हिरवं द्रव्य वेगळं काढलं आणि त्याला क्लोरोफिल म्हटलं. (याच जोडीनं १८२० मध्ये सिंकोनाच्या सालीतून क्विनिन काढलं. मेळघाटात नोकरी केलेल्या जुन्या लोकांना त्याची किंमत विचारा.)

आणि आता बाबांची हिराकस. १८४० च्या दशकात फ्रान्समध्ये युझेब ग्री या गृहस्थानं पिवळ्या पडलेल्या झाडांना लोखंडाचे क्षार देऊन बघितले. मुळाशी घातले, पानांवरही लावले. पानं हिरवी झाली. म्हणजे आमच्या बागेत जो उपाय चालला होता तो दीडशे वर्षं जुना होता. यावरून लोकांनी सरळ निष्कर्ष काढला की रक्तात जसं लोखंड असतं तसं ते हरितद्रव्यातही असणार. लोखंड दिलं की हिरवं होतं, मग अजून काय पुरावा पाहिजे?

पण नाही. जर्मनीच्या रिचर्ड विलश्टेटर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोनशेहून जास्त वनस्पतींचं हरितद्रव्य शुद्ध करून तपासलं. सगळीकडे तेच द्रव्य, आणि मधोमध लोखंड नव्हे, मॅग्नेशियम. १९१५ चं नोबेल त्यांना मिळालं. मग लोखंड करतं काय? हा प्रश्न लटकलेलाच राहिला. तो आपणही थोडा वेळ लटकवून ठेवू, कारण आजीचं कोडं अर्धं तिथेच आहे.

आधी घटाकडे येऊ. अंधारातल्या कोंबात काहीतरी आधीच तयार असतं आणि उजेड पडल्यावर त्याचं हरितद्रव्य होतं, ही शंका एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येऊ लागली होती. १८९० च्या दशकात रशियात मोन्तेवेर्दे यांनी या आधीच्या द्रव्याला प्रोटोक्लोरोफिल हे नाव दिलं. १९०८ मध्ये फिनलंडच्या लिरो यांनी दाखवलं की त्यापासून हरितद्रव्य होणं ही थेट प्रकाशानं घडणारी रासायनिक क्रिया आहे. तरी "आधीचं द्रव्य" आणि "नंतरचं द्रव्य" यांचा जमाखर्च कोणी मांडला नव्हता. तो मांडला कॅलिफोर्नियात, स्टॅनफर्डच्या आवारातल्या कार्नेगी संस्थेत, जेम्स स्मिथ यांनी. १९४८ मध्ये त्यांनी अंधारात वाढवलेल्या सातूच्या कोंबांवर प्रयोग केले (सातू म्हणजे बार्ली, आपल्या गव्हाचीच बहीण) आणि दाखवलं की जितकं प्रोटोक्लोरोफिल कमी होतं तितकंच क्लोरोफिल जमा होतं. हिशोब जुळला.

आता इथे एक गंमत आहे, आणि मला ती कळली तेव्हा मी खरंच खुर्चीतून उठलो. माझी समजूत अशी झाली होती की घटातला तो पिवळा रंग म्हणजेच हे प्रोटोक्लोरोफिल. पिवळ्याचं हिरवं होतं, सोपं आहे. पण तसं नाहीच! प्रोटोक्लोरोफिल स्वतः हिरवटच असतं, आणि कोंबात ते इतकं कमी असतं की डोळ्यांना दिसतही नाही. हिरव्या पानात जितकं हरितद्रव्य असतं त्याच्या शंभरातला एखादा भाग धरा, बहुतेक वेळा तेवढाही नाही. मग पिवळं काय असतं? ते कॅरोटिनॉइड. गाजर, झेंडू आणि मक्याचा दाणा ज्या कुळातल्या रंगांमुळे पिवळे-केशरी दिसतात, तेच. हिरव्या पानातही ते असतातच, हिरव्याखाली झाकलेले. म्हणजे घट हिरवा होतो तेव्हा पिवळं कुठेही जात नाही. त्याच्यावर हिरवं चढतं.

हे सिद्ध करायला मदत कोणाची झाली? पांढऱ्या रोपांची. काही मक्याच्या बियांतून असा वाण निघतो की ज्याला कॅरोटिनॉइड बनवताच येत नाहीत, रोप पांढरं निघतं आणि दाण्यातली शिदोरी संपली की मरतं. कार्नेगीतच व्हायोलेट कोस्की, स्टेसी फ्रेंच आणि स्मिथ यांनी १९५१ मध्ये साधा मका आणि हा पांढरा मका शेजारी-शेजारी ठेवून वेगवेगळ्या रंगाच्या प्रकाशात किती हरितद्रव्य बनतं ते मोजलं. निळ्या प्रकाशात ४४५ नॅनोमीटरच्या आसपास आणि लाल प्रकाशात ६५० च्या आसपास सगळ्यात जास्त. साध्या मक्यात निळ्याचा परिणाम कमी दिसला, कारण मधे ते पिवळे रंग निळा प्रकाश स्वतःच खातात. पांढऱ्या रोपात हा अडथळा नव्हता. आणि हो, पांढऱ्या रोपातही हरितद्रव्य बनलं! फक्त चांगल्या उजेडात ते टिकलं नाही, बनलं तसं जळून गेलं. कारण त्याला सांभाळणारे पिवळे रंग नव्हते.

म्हणजे आजीचं सोनं हे खरोखर काही कामाचं होतं. येणाऱ्या हिरव्याचं ते छत्र. मी त्याला आजार म्हणालो होतो.

अशी रंग बिघडलेली रोपं मोजणं हे आपल्याकडे अगदी रोजचं काम आहे, हे मला अकोल्याच्या मामांमुळे कळलं. बियांना गॅमा किरण देऊन नवीन वाण शोधणारे लोक पुढच्या पिढीच्या वाफ्यात पांढरी, पिवळी, फिकट हिरवी रोपं किती निघाली ते मोजतात. किरणांचा मारा किती लागला त्याचा तो थर्मामीटर. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ (स्थापना १९६९) आणि ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र यांनी मिळून असे वाण काढले आहेत. १९८५ चा उडदाचा टीएयू-१ त्यातलाच. त्यातला टी म्हणजे ट्रॉम्बे, ए म्हणजे अकोला, यू म्हणजे उडीद. आमच्याकडे उडदाचे पापड होतात तेव्हा मामा हटकून ही माहिती देतात आणि मामी हटकून दुर्लक्ष करतात :-)

तर आता उजेडाचा क्षण. इथे गोष्ट फार वेगानं पळते. कोंबाच्या पेशीत हरितलवकाचा एक कच्चा अवतार असतो. त्यात नळ्यांची एक जाळी असते, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ती इतकी रेखीव दिसते की स्फटिक वाटावा. या जाळीत एक एन्झाइम बसलेलं असतं. त्याच्या एका हातात प्रोटोक्लोरोफिल (नेमकं नाव प्रोटोक्लोरोफिलाइड, कारण अजून शेपूट लागायची असते), दुसऱ्या हातात एनएडीपीएच नावाचं हायड्रोजन पुरवणारं द्रव्य. सगळी तयारी झालेली आणि सगळं थांबलेलं. एनएडीपीएचची ही भूमिका ब्रिस्टलच्या ग्रिफिथ्स यांनी १९७० च्या दशकात दाखवली. प्रकाशाचा कण येऊन आदळला की हायड्रोजन सरकतो, एक दुहेरी बंध सुटतो आणि संपलं, क्लोरोफिलाइड तयार. कॅमेऱ्याच्या एका फ्लॅशमध्ये कोंबातला बराचसा साठा बदलून जातो. निसर्गात अशी एन्झाइमं, म्हणजे ज्यांना दर वेळी प्रकाशच लागतो अशी, बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

१९५७ मध्ये जपानचे काझुओ शिबाता यांनी जिवंत पानावरच मोजमाप करून पुढचे टप्पे पकडले. फ्लॅशआधी पान ६५० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतं, फ्लॅशनंतर लगेच ६८४ चा, आणि मग अर्ध्या तासाच्या आत-बाहेर हळूच ६७२ वर येऊन बसतं. त्याला आजही शिबाता शिफ्ट म्हणतात. त्याच वर्षी वोल्फ आणि प्राइस यांनी दाखवलं की रेणूला शेपूट लागण्याचं काम नंतर होतं आणि त्याला उजेड लागत नाही. ती रेखीव जाळी तोवर विस्कटू लागते आणि तिच्यातून हरितलवकाचे पापुद्रे घडतात. तो एन्झाइम जाळीत नेमका कसा रचलेला असतो, याचं अणूंच्या पातळीवरचं चित्र तर २०२१ मध्ये हाती आलं. म्हणजे आजीच्या प्रश्नावरचं काम अजून चालूच आहे.

पण थांबा. फ्लॅशमध्ये बदललं ते शंभरातला एक भाग. तेवढ्यानं घट हिरवा दिसत नाही. मोठ्या कोंबात पहिल्या झटक्यानंतर काही तास जवळपास काहीच घडताना दिसत नाही, आणि मग एकदम हिरवं चढायला लागतं. या मधल्या तासांत पेशी कारखान्याची पहिली पाळी सुरू करत असते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत सॅम ग्रॅनिक यांनी १९५९ मध्ये सातूच्या कोंबांना अंधारातच एएलए नावाचं साधंसं द्रव्य पाजलं. ते या उत्पादनसाखळीतलं अगदी सुरुवातीचं द्रव्य. कोंबांत प्रोटोक्लोरोफिलाइडचा ढीग साठला. म्हणजे पुढची सगळी यंत्रं अंधारातही तयार होती, कोणीतरी पहिल्या फाटकावर कच्चा माल अडवून धरला होता.

का अडवला होता? याचं उत्तर मला या सगळ्यात सर्वात जास्त आवडलं. कारण हे द्रव्य जास्त साठलं आणि एन्झाइमच्या हातात नसलं, तर ते विष आहे. प्रकाश पडला की ते ती ऊर्जा ऑक्सिजनला देतं आणि तो ऑक्सिजन पेशी जाळत सुटतो. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत (होय, बिअरवालेच, त्यामुळेच सातू) डिटर फॉन वेटश्टाइन यांच्याकडे सातूचे असे म्यूटंट होते की ज्यांच्यात हे फाटकच नाही. अंधारात साठा होत राहायचा आणि सकाळी ऊन पडलं की पानाचा तेवढा पट्टा मरायचा. रोज रात्री एक पट्टा, म्हणून पानावर वाघासारखे पट्टे, म्हणून नाव टायग्रिना. तिथेच काम करणारे श्रीलंकेचे गामिनी कन्नंगरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये या साखळीच्या पहिल्या पायरीचं एक अजब गुपितही उलगडलं, पण त्यात शिरलो तर सोमवार उजाडेल. आणि अमेरिकेत इलिनॉयमध्ये कॉन्स्टँटिन रेबैझ यांनी १९८४ मध्ये उलटा विचार केला. तणावर संध्याकाळी एएलए फवारायचं, रात्रभर साठा होऊ द्यायचा, सकाळी सूर्यच तण मारेल.

म्हणजे आजीच्या घटात जे उभं होतं ते उपाशी नव्हतं. दाण्यातली शिदोरी अजून होती. सगळी यंत्रं लावून, छत्री उघडून, धोकादायक माल मोजकाच हातात धरून ते शेवटच्या पायरीवर उभं होतं.

आणि संत्र्याचं? आता ते लोखंड. क्लोरोफिलमध्ये लोखंड नाही, पण ते बनवणाऱ्या साखळीच्या साधारण मध्यावर एक वळण आहे. तिथे रेणूला पाचवं कडं जोडलं जातं, आणि ते जोडणाऱ्या एन्झाइमच्या पोटात लोखंडाचे दोन अणू असतात. लोखंड नाही, तर माल तिथेच अडतो. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कास्टेलफ्रँको यांच्या गटानं लोखंडाची उपासमार केलेल्या रोपांवर हे तपासून दाखवलं. लोखंड कमी पडलं की एएलए बनण्यालाही खीळ बसते, शिवाय हरितलवकाच्या इतर कितीतरी भागांना लोखंडच लागतं. म्हणून तिथे उजेड कितीही असो, उपयोग शून्य. पानच नव्यानं बांधावं लागतं, आणि त्याला आठवडे जातात.

आपल्या व्यवसायाच्या भाषेत सांगायचं तर एरर मेसेज एकच होता, "पिवळं", आणि बग दोन. एक प्रोसेस मधेच क्रॅश झालेली, दुसरी शेवटच्या ओळीवर इनपुटची वाट बघत असलेली. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं मेसेज वाचून निदान केलं. आजीनं निदान केलं ते दुरुस्त व्हायला किती वेळ लागतो त्यावरून. कोणत्याही चांगल्या डीबगरनं तेच केलं असतं.

यातला क्रूर भाग असा की वऱ्हाडची काळी माती बेसॉल्टच्या खडकातून आलेली आहे. तिच्यात लोखंड भरपूर. पण जिथे चुनखडी जास्त, सामू आठच्या वर, तिथे ते लोखंड विरघळतच नाही. झाड लोखंडाच्या ढिगाऱ्यावर उभं राहून लोखंडासाठी तडफडतं. बाबांना हे विद्यापीठात सांगितलं होतं, त्यांनी घरी येऊन आम्हाला सांगितलंही होतं. मीच ऐकलं नव्हतं. बाग त्या वर्षी वाचली. पुढे विहिरीचं पाणी खाली गेलं आणि सहा वर्षांनी बाबांनी झाडं स्वतः काढली. त्या वेळी पानं हिरवी होती.

गेल्या महिन्यात मी पुण्याच्या फ्लॅटमध्ये तीन वाडग्यांत गहू पेरला. देवघर नाही, म्हणून मॉनिटरच्या रिकाम्या खोक्यात, फटींना काळी चिकटपट्टी लावून. आठव्या दिवशी रात्री पाणी घालायला खोकं उघडताना मोबाइलवर हिरवा स्क्रीन लावला, कारण प्रयोगशाळेत या कामाला मंद हिरवा दिवाच वापरतात. कोंबाला हिरवा रंग सगळ्यात कमी "दिसतो". (याच गुणाच्या जोरावर १९५९ मध्ये अमेरिकेत बेल्ट्सव्हिलला अंधारातल्या मक्याच्या कोंबांमध्येच फायटोक्रोम, म्हणजे झाडाचा लाल प्रकाश ओळखणारा डोळा, पहिल्यांदा पकडला गेला. हिरव्या पानात तो क्लोरोफिलखाली झाकला जातो.)

रविवारी सकाळी आठला एक वाडगा गॅलरीत ठेवला. दहा वाजता काही नाही. बाराला बायको म्हणाली टोकं जरा पोपटी वाटतात, मला दिसली नाहीत. दुपारी दोनला मलाही दिसली, आणि गुंडाळलेली पानं उलगडायला लागली होती. संध्याकाळी सहाला शेजारचा पिवळा वाडगा बाजूला ठेवून फोटो काढला आणि अमरावतीला काकूंना पाठवला. घट आता त्या बसवतात.

त्यांचा लगेच फोन आला. मी उत्साहानं सगळं सांगितलं. फ्लॅश, शिबाता, सातूचे वाघ, झाडून सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आत्याबाईंले सांगाले पाह्यजे होतं हे," त्या म्हणाल्या. "बरं, अवंदा दसऱ्याले येऊन रायले ना तुम्ही? या मंग. फक्त देवघराच्या खिडकीले हात नका लावजा."